दाताच्या हयातीचा दाखला

मी आयुष्यभर लहान मुलांच्या दातांत चुना आणि सिमेंट भरलं. हे वाक्य असंच्या असं मी एकदा आमच्या एका परिषदेत व्यासपीठावरून म्हटलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या सत्कारमूर्तींनी अंगावरची शाल सावरली आणि सूत्रसंचालिकेनं घाईघाईनं पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. वास्तविक त्या सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण दातात घालायच्या चुन्याला आम्ही कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणतो आणि सिमेंटला एमटीए असं आटोपशीर इंग्रजी नाव आहे. ती नावं घेतली की सगळे शास्त्रज्ञ होतात. न घेतली तर आम्ही नुसते गवंडी.

नांदेडला माझा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोन दिवस मी लातूरला बसायची. आता दोन्हीकडचं काम थांबवलं आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘आपल्या प्रदीर्घ वाटचालीविषयी’ लिहा असं कळवलं. माझी वाटचाल अशी काही झाली नाही. बहुतेक काळ मी एका चाकाच्या स्टुलावर बसून होते. म्हणून वाटचालीऐवजी एका दाताविषयी लिहिते.

त्याआधी थोडी माहिती, ज्यांचा दातांशी संबंध फक्त दुखण्यापुरता आहे त्यांच्यासाठी. मुलाचा कायमचा दात हिरडीतून वर येतो तेव्हा तो पूर्ण झालेला नसतो. वरून अगदी ऐटदार दिसतो, पण खाली मूळ अर्धवट असतं, त्याच्या भिंती पातळ असतात आणि टोक उघडं असतं. मंत्र्याच्या तारखेसाठी घाईनं उद्घाटन उरकलेल्या इमारतीसारखं हे प्रकरण आहे. फरक इतकाच की दाताचं राहिलेलं काम पुढच्या दोन-तीन वर्षांत खरोखर पूर्ण होतं. ते काम करतो दाताच्या पोटातला गुलाबी, रक्तामांसाचा धागा. लोक त्याला नस म्हणतात, मीही तेच म्हणते.

मोठ्या माणसाची नस मेली तर ती काढून टाकायची, मूळ भरून टाकायचं, वर टोपी बसवायची. मूळ तयार असतं म्हणून हे चालून जातं. मुलाच्या दाताची नस मेली तर बांधकाम जिथल्या तिथे थांबतं. मूळ खडूसारखं पातळ राहतं आणि मग काही वर्षांनी, मूल हुरड्याचं कणीस खात असताना, दात हिरडीपाशी मोडतो. म्हणून मुलांच्या बाबतीत सगळा खटाटोप नस जगवण्याचा. उघडी पडलेली नस अशा कशानं तरी झाकायची की तिला इजा होऊ नये, जंतू आत जाऊ नयेत, आणि तिनं स्वतःहून समोर एक भिंत घालून घ्यावी.

माझ्या गुरूंच्या गुरूंच्या काळापासून हे काम चुना करत आला. तो नसेला वरवर भाजतो आणि ती चिडून स्वतःभोवती भिंत उभी करते. भिंतीत भोकं राहतात, आणि चुना कालांतरानं विरघळून नाहीसा होतो, हे त्याचे दोष. आणखी एक अडचण फक्त मराठीत येते. ‘तुमच्या मुलीला चुना लावलाय’ असं पालकांना सांगता येत नाही. त्यामुळे आम्ही ‘औषध ठेवलंय’ म्हणायचो.

मग सिमेंट आलं. ते नांदेडच्या एका हॉटेलात, समई आणि पुष्पगुच्छांसह आलं. पंख्यामुळे समईच्या वाती तीनदा विझल्या. वक्त्यांचा परिचय मात्र शेवटपर्यंत तेवत राहिला. त्यांनी क्रांती हा शब्द इतक्यांदा वापरला की मागे बसलेले वाढपी गंभीर झाले. शेवटी कुणीतरी विचारलं, यात आहे काय? त्यांनी फार लांब उत्तर दिलं. त्या उत्तरातून पाणी काढून टाकलं तर खाली उरत होतं ते घर बांधायचंच सिमेंट, शुद्ध केलेलं, आणि एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात घातलेला बिस्मथ नावाचा धातू. चिमूटभर पुडी सोन्याच्या थाटात मखमली पेटीतून फिरवली गेली.

पण ते काम चांगलं करायचं, हे कबूल करायला हवं. आमच्या धंद्यातली खरी अडचण हीच आहे. पोकळ बोलणाऱ्याच्या पेटीत कधीकधी अस्सल माल निघतो.

अंकिता रेणापूरहून आली तेव्हा तिसरीत होती. आदल्या संध्याकाळी हापशावर पाणी भरताना दांडा हातातून निसटून उलटा आला आणि तिच्या तोंडावर बसला. वरच्या मधल्या दोन दातांपैकी डावा तिरपा मोडला होता, आणि मोडलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसत होता. तीच नस. सोबत तिची आई होती, जी पुढच्या सगळ्या वर्षांत माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल, आणि तिचे चुलते व्यंकटराव होते, ज्यांनी ती भरपाई केली. शिकलेल्या लोकांशी बोलायचं काम घरानं त्यांच्याकडे दिलेलं होतं. ते बांधकामाचे ठेकेदार होते. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि पट्ट्याला मोजपट्टी.

“मॅडम, दुधाचा हाय का कायमचा, एवढंच सांगा,” ते म्हणाले. “दुधाचा असंल तर तुमचा टाइम घेत न्हाई.”

कायमचा आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच काढून एक नंबर मटेरियलचा नवा बसवायला सांगितलं. मी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि अर्धवट मूळ, पातळ भिंती, उघडं टोक दाखवलं. हे चित्र मी शेकडो पालकांना दाखवलं आहे. त्यांतले बहुतेक मान हलवतात आणि मनात बसची वेळ आठवतात. व्यंकटरावांना पहिल्यांदा बघताच कळलं.

“म्हंजे पाया भरायचा राहिलाय आन वर मजला चढवलाय.”

मी म्हटलं, तसंच.

“कुणी केलं हे काम?”

देवानं, मी म्हटलं. त्यांनी चित्राकडे जरा वेळ बघितलं. “त्याला बी तसलाच ठेकेदार गाठ पडला असंल,” ते म्हणाले, आणि पोरीचा हात धरून खुर्चीपाशी उभे राहिले.

दात बधिर केला, नसेचा वरचा खराब झालेला शेंडा कापून काढला, ओल्या बोळ्यानं दाबून रक्त थांबवलं. शकीलाबी, लातूरच्या दवाखान्यातली माझी मदतनीस, काचेवर पुडी सोडून पाणी घालत होती. ओल्या वाळूसारखा तो लगदा बघून व्यंकटराव पुढे वाकले, नाकानं हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, “हे सिमेंट हाय.”

आमच्याकडे लोक दातातल्या कुठल्याही भरावाला सिमेंटच म्हणतात आणि आम्ही त्यांना सवयीनं दुरुस्त करतो. त्या दिवशी पहिल्यांदाच तो शब्द बरोबर जागी पडला होता. मी हो म्हटलं, त्याच घराण्यातलं आहे. तिथून पुढे ते माझे सल्लागार झाले. ग्रेड किती, वाळू किती, सेट व्हायला किती वेळ, पाणी जास्त तर नाही ना झालं. शकीलाबीकडे बघून, बाई हळूहळू कालवा, असंही सांगितलं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण ते मधेच म्हणाले की सिमेंटचं काम ते किल्लारीत शिकले. मिसरूड फुटायच्या वयात, भूकंपानंतर, नवीन घरं बांधणाऱ्यांच्या हाताखाली घमेली उचलत. माती आणि दगडाच्या जाड भिंती काय करतात ते त्यांनी तिथे बघितलं होतं. सिमेंटवर त्यांची जी भक्ती होती ती जाहिरातीतून आलेली नव्हती, आणि मला ती समईसमोरच्या भक्तीपेक्षा बरी वाटली.

या सिमेंटला घट्ट व्हायला ओल लागते. म्हणून मी त्यावर पाण्यात भिजवलेला कापसाचा बारीक बोळा ठेवला आणि वरून कच्चा भराव घातला. आठवड्यानं या, मग हे काढून पक्का भराव घालू, असं सांगितलं. व्यंकटरावांनी समजूतदारपणे मान हलवली. “पाणी मारत राहायचं आन टाइम झाला की सेंट्रिंग काढायचं,” ते म्हणाले. मी हसले. तो विनोद आहे असं मला वाटलं. व्यंकटराव बांधकामाविषयी विनोद करत नाहीत, हे मला अजून माहीत नव्हतं.

आठवड्यानं ते आले नाहीत. कुठल्याशा गावी स्लॅब टाकायचा होता. आले तेव्हा अंकितानं तोंड उघडलं आणि माझा कच्चा भराव जागेवर नव्हता. बोळाही नव्हता. सिमेंट उघडं, राखाडी, थेट माझ्याकडे बघत होतं.

हळूहळू उलगडा झाला. घरी अंकिताला सकाळ-संध्याकाळ तोंडात पाण्याची चूळ धरून उभं केलं जात होतं. शाळेत जाताना बाटली, आणि मधल्या सुट्टीत एक चूळ, अशी ताकीद होती. रात्री निजल्यावर ओठावर ओलं फडकं. कोबा केलेल्या जमिनीवर ओलं पोतं टाकतात तसं. आणि मग एका रविवारी व्यंकटरावांनी विजेचा टेस्टर उकळत्या पाण्यातून काढून, पोरीला उजेडात बसवून, सेंट्रिंग उतरवलं. ज्या पाट्या-फळ्यांच्या आधारानं ओला स्लॅब सुकवतात त्या काम झाल्यावर काढायच्याच असतात. कच्चा भराव म्हणजे तेच, हे त्यांच्या दृष्टीनं उघड होतं.

मी चिडले. जिवंत नस आणि बाहेरची घाण यांच्यामध्ये नखाच्या जाडीचा एक थर, आणि त्यावर तुम्ही टेस्टर चालवलात. त्यांनी ऐकून घेतलं. वर बघून म्हणाले, “मग किती दिवस ठेवायचं, मॅडम? पोर्चच्या स्लॅबचं बी एवढं ठेवत न्हाई मी. आन कडक झालंय, ठोकून बघितलंय.”

मीही टोकदार सळईनं दाबून बघितलं. कडक झालं होतं. क्रांतीच्या वक्त्यांनी ज्या गोष्टीचे आलेख दाखवले होते, ती रेणापुरात एका टेस्टरनं सिद्ध झाली होती. पण कडक असणं आणि आतली नस जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दात धुऊन पक्का भराव घातला, मोडलेला कोपरा बांधला, आणि सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलं नाही. नस जगली असेल तर मूळ वाढेल. मेली असेल तर नाही वाढणार. पेन्शनर जसे दरवर्षी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, तसा हा दात दर सहा महिन्यांनी आणून दाखवायचा. आणि सेंट्रिंग, पाणी, टेस्टर, सगळं बंद.

ते नेमानं आले. प्रत्येक एक्स-रेमध्ये मूळ केसभर लांब, भिंती केसभर जाड. मी दिव्यासमोर उभी राहून मनातल्या मनात खूष व्हायची. व्यंकटराव मागून बघायचे आणि काम चालू हाय म्हणायचे, जणू मजूर त्यांनीच लावले होते.

त्याच काळात दात काळवंडत गेला. आधी हिरडीजवळ सावली, मग गेरू-चुना न मिळालेल्या भिंतीचा रंग. सिमेंटमधला बिस्मथ दातात असा उतरतो. हे त्या हॉटेलात कुणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांनी तेच वक्ते नवीन सिमेंट घेऊन आले. ते मिनिटांत घट्ट व्हायचं आणि रंग सोडायचं नाही. जुन्याच्या काळेपणाविषयी ते इतक्या व्याकुळतेनं बोलले की ते जुनं आम्हाला दुसऱ्याच कुणीतरी विकलं असावं असं वाटलं. पण हे नंतरचं. अंकिताच्या दातात जुनंच होतं, आणि नसेला लागून होतं, म्हणून मी तिथे हात लावायला तयार नव्हते.

अंकिता पाचवीत असताना, गॅदरिंगच्या आधी, तिघं आगाऊ न कळवता आले. कुणी पाहुण्यांनी सुचवल्यावरून तिला एका काचेच्या दारांच्या नव्या दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी दुरूनच सांगितलं की दात मेलाय, नस काढून, मूळ भरून, कॅप बसवा, आठवड्यात पांढराशुभ्र. काळा दात म्हणजे मेलेला दात, हे सगळ्या जगाला माहीत असतं, दंतवैद्यांनाही. व्यंकटराव खिन्न होते.

“मेला असंल तर मेला म्हणा, मॅडम,” ते म्हणाले. “बांधकाम फेल जातं. माझं बी गेलंय. पोरीचं तोंड बगवत न्हाई आता.”

एक्स-रे काढला. मूळ चांगलं वाढलं होतं, पण टोक अजून उघडं होतं. एक्स-रे मागच्या काही महिन्यांचं सांगतो. आज सकाळी नस जिवंत आहे का, हे सांगत नाही. त्यासाठी आमच्याकडे बर्फ आहे. सुईच्या प्लास्टिकच्या टोपणात पाणी भरून शकीलाबीनं ते फ्रीजरमध्ये ठेवलं की बर्फाची बारीक कांडी होते. ती दाताला टेकवायची. जिवंत असेल तर कळ लागते, आणि लागली का हे पेशंटनं सांगायचं. एवढी यंत्रं, एवढी परदेशी पुस्तकं, आणि शेवटी सगळं शास्त्र पाचवीतल्या मुलीच्या हो-नाहीवर येऊन टेकतं.

उजव्या चांगल्या दाताला कांडी लावली. “लागलं,” अंकिता म्हणाली. काळ्या दाताला लावली.

“न्हाई.”

पुन्हा लावली, जरा जास्त वेळ.

“न्हाई.” चेहरा बँकेतल्या मॅनेजरसारखा स्थिर. आईनं पदर तोंडाला लावला. व्यंकटरावांनी सुस्कारा सोडून मोजपट्टी पट्ट्यावरून काढली आणि पुन्हा अडकवली. हे ‘न्हाई’ मी मान्य केलं की पुढचं ठरलेलं होतं. ड्रिल आत जाणार, जे काही असेल ते उपटून बाहेर येणार, आणि मुळाचं टोक जन्मभर उघडं राहणार.

मुलांचे दात बघणारा डॉक्टर तोंडाइतकाच पायांकडे बघतो. तोंडाला खोटं बोलता येतं. चेहऱ्यालाही थोड्या सरावानं जमतं. अंकिताच्या चपलेतली दहाच्या दहा बोटं आत वळून मुठीसारखी आवळली होती.

मी व्यंकटरावांना चहाला पाठवलं. आईला बसू दिलं. मग दाताविषयी काही न विचारता विचारलं, शाळेत काय म्हणतात?

तिनं चपलेतली बोटं हळूहळू सोडवली. मग म्हणाली, “सिमेंट.”

“कोण?”

“सगळे म्हणतेत. बाईंनी नाचात मागं उभं केलंय. तोंड मिटून हसायचं म्हणल्या.” ती आईकडे न बघता पुढे बोलली. “त्या दवाखान्यात म्हणले, मेलेला असला तरच पांढरी टोपी घालतेत. म्हून मेला म्हणलं.”

कळ सोसून, डोळ्यांत पाणी न आणता, दोनदा. एका दाताचा मृत्यू तिनं एकटीनं पार पाडला होता आणि तो जवळजवळ मंजूर झाला होता.

दाताला पुढून दाताच्या रंगाचा पातळ लेप देता येतो. आत काही उकरावं लागत नाही. लेप मधूनमधून उडतो, पुन्हा द्यावा लागतो, म्हणून मूळ पूर्ण झालं की एकदाच नीट करू असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. मी दर सहा महिन्यांनी हिरडीच्या आत बघत होते, आणि तिचं सगळं आयुष्य हिरडीच्या बाहेर चाललं होतं. लेप तिथल्या तिथे दिला. राखाडी झाकायला दोन थर लागले. तिच्या हातात आरसा दिला तर तिनं आधी तोंड मिटून बघितलं, मग उघडून.

व्यंकटराव परत आले आणि वाकून बारकाईनं बघितलं.

“म्हंजे गिलावा केला.”

हो म्हटलं.

“आतलं जिवंत हाय?”

आहे, मी म्हटलं. त्याला हात लावायचा नाही, कुणी काही म्हटलं तरी.

“मग ही न्हाई का म्हणली?”

अंकिता छताकडे बघू लागली. मी सांगितलं की बर्फ नीट गोठला नव्हता. ते गेल्यावर शकीलाबी ट्रे आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बरफ पक्का था, मॅडम.” दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

गॅदरिंगमध्ये तिला मागच्याच रांगेत नाचावं लागलं, कारण नाच आधीच बसवून झाला होता. पण तोंड उघडं ठेवून, असं तिच्या आईनं सांगितलं. त्या दहांपैकी ते एक वाक्य.

त्यानंतर सहा महिन्यांनी आले तेव्हा एक्स-रेमध्ये मुळाचं टोक मिटलेलं होतं. मी चित्र दिव्यासमोर धरलं आणि यावेळी काही समजावून सांगितलं नाही. व्यंकटरावांनी चष्मा लावला, बोट न टेकवता हवेत मुळाची कड वरून खालपर्यंत गिरवली, आणि पाया भरला म्हणाले. दोन्ही भिंती सारख्या आल्यात, असंही म्हणाले. मी आतापर्यंत ऐकलेल्या भाषणांत सिमेंटविषयी याहून चांगलं कुणी बोललेलं नाही.

खरं तर पुढे काही तपासायची गरज नव्हती. पण नोंदीसाठी बर्फ लावायचा नियम आहे. अंकिता खुर्चीत बसली होती, लेप अजून शाबूत होता, आणि दात जिवंत असण्यातच आता तिचा फायदा होता हे तिला पक्कं कळलं होतं. शकीलाबीनं टोपणातून कांडी काढून माझ्या हातात दिली. मी स्टूल पुढे सरकवलं. कांडी अजून दातापासून चांगली वीतभर लांब होती.

“लागलं,” अंकिता म्हणाली.